निदान चार तारे

फावल्या वेळात घरच्या घरी संगणकावरचे साहसखेळ बनवणाऱ्या मंडळींचं एक ऑनलाइन मासिक होतं. त्या खेळांना हौशी लोक जे संगीत देत, त्याचं परीक्षण कानसेन लिहीत असे. पोटासाठी तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढी; कान मात्र असा तयार, की खरं नाव बायकोखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

एकदा एका दातांच्या डॉक्टरांनी गुहेच्या प्रसंगाला संगीत दिलं. कानसेनने लिहिलं, ‘हे ऐकून आधी गुहेतून आणि मग खेळातूनच बाहेर पडावंसं वाटतं. दोन तारे.’ डॉक्टरांनी ते इतकं मनाला लावून घेतलं, की तीन दिवस दवाखाना उघडला नाही. मासिकाकडे सुजलेल्या गालांच्या तक्रारी येऊ लागल्या.

संपादकबाईंचा फोन आला. “अहो, हौशी माणसं ती. कशाला दुखवायचं?”

“पण बाई, ढोल सारखा मागे पडत होता.”

“पडेना का! तुमचं काय जातंय?”

त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं : यापुढे कुणालाही चारपेक्षा कमी तारे देऊ नयेत. पाठोपाठ शब्दांची यादी आली. बेसूर असेल त्याला ‘धाडसी’ म्हणायचं, कंटाळवाण्याला ‘संयमी’ आणि उचलेगिरीला ‘परंपरेशी नातं सांगणारं’. कानसेनने ती टेबलासमोर चिकटवली. बायकोने चष्मा लावून ती नीट वाचली.

“परवा माझ्या भाजीला धाडसी म्हणालात, ते यातलंच का?”

कानसेन पाणी प्यायला उठला.

तिसरं परिपत्रक सर्वांत तर्कशुद्ध होतं. ‘तारे व शब्द आधीच निश्चित असल्याने संगीत ऐकण्याचे प्रयोजन उरत नाही. शिवाय ऐकल्याने मत बनते व मत म्हणजे पूर्वग्रह. सबब परीक्षकांनी परीक्षण प्रसिद्ध होईपर्यंत संगीत ऐकू नये.’ कानसेनचा हात एकदम मोकळा झाला. दिवसाला चाळीस परीक्षणं निघू लागली.

एका दुपारी दुकानात चुकून त्याचं बोट मोबाइलला लागलं आणि कुठल्याशा दीपगृहाच्या खेळाचं संगीत सुरू झालं. एकच पेटी, तीही दम लागल्यासारखी. जणू कुणी म्हातारं माणूस दिवा लावायला जिना चढतंय. समोरचं गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पुन्हा वरून सुरू झालं, तरी कानसेन आपला तिथेच, डोळे पुसत.

त्याने लिहिलं, ‘हे खरंच सुंदर आहे.’

“‘खरंच’ काढा,” संपादकबाई म्हणाल्या. “बाकीची परीक्षणं खोटी होती असा अर्थ निघतो.”

“होतीच ना!”

शेवटी छापून आलं, ‘संयमी. चार तारे.’

कानसेनला चैन पडेना. त्याने त्या संगीतकाराचं आधीचं कामही ऐकून काढलं आणि नंबर शोधून फोन लावला. शाळेचे गणवेश शिवणारी बाई निघाली. मागे शिलाई मशीन चालू होतं.

“ताई, तुमचं दीपगृहाचं संगीत अप्रतिम आहे हो.”

“सगळ्यांना हेच सांगता ना, भाऊ?”

“हो. म्हणजे, नाही.” तिला पटावं तरी कसं? शेवटी त्याने मन घट्ट केलं. “मागचं तुमचं जंगलाचं संगीत अगदी टाकाऊ होतं. बासरी उगाचच घुसवलेली.”

मशीन थांबलं.

“आणखी कुठे चुकलं?” ती घाईघाईने म्हणाली. “थांबा, खडू घेते. कापडावरच लिहिते.”

तासभर दोघं बोलत होती. दुसऱ्या दिवशी तिने मासिकाच्या पानावर ‘टाकाऊ म्हटल्याबद्दल’ कानसेनचे जाहीर आभार मानले, आणि संध्याकाळपर्यंत त्याला काढून टाकण्यात आलं. निरोपाच्या लेखात त्याची कारकीर्द धाडसी असल्याचं म्हटलं होतं.

मग त्याने स्वतःच जाहीर केलं : ज्याला आपल्या संगीताबद्दल खरं मत हवं असेल, त्याने पाठवावं, फुकट सांगेन. आठवड्यात एकशे बारा पत्रं आली. आज अशाच स्पष्टवक्त्या माणसाची गरज आहे, असं झाडून सगळ्यांनी लिहिलं होतं. सोबत कुणी मेव्हण्याचं संगीत पाठवलं होतं, कुणी साहेबांचं, कुणी शेजाऱ्याचं.

तुम्हालाही पत्ता हवा असेल तर जरूर मागा. कुणाचं पाठवायचं, ते तुमच्या मनात एव्हाना ठरलंच असेल.