चिकटलेल्या कपाटातला केक

"वार्निश मारायचंच असेल तर आठवडाभर आधी मार, आणि दारं पुरती सुकेपर्यंत मिटू नकोस," शेजारच्या टँटी व्हिल्माने, सगळ्या गल्लीच्या मावशीने, कुंपणावरून बजावलं. "आपल्याकडची हवा पाणी पिऊन बसलेली असते."

जोसेलिनने डबाच उचलून तिच्या नाकासमोर धरला. "टँटी, यावर छापलंय, दोन तासांत सुकतं."

"डबा काय आपल्या आरिमात जन्मला का गं?"

जोसेलिन हसली आणि तिने ब्रश बुडवला. तिला तरी काय दोष द्यायचा? आरिमात नाताळच्या आदल्या दिवशी ज्या घरातून वार्निशचा वास येत नाही, त्या घरात कोणी आजारी आहे का, म्हणून शेजारी चौकशीला येतात.

शिवाय यंदा प्रश्न इभ्रतीचा होता. नाताळचं जेवण आजवर सासूबाईंकडे, म्हणजे मा ऑगस्टांकडे होत आलेलं. यंदा त्यांच्या गुडघ्याने संप पुकारला. त्यांनी फर्मान काढलं, "जेवण तुझ्याकडे ठेवू. पण आदल्या दिवशी चार वाजता मी येईन. स्वयंपाकघर बघेन, केक चाखेन. पसंत पडलं तर दुसऱ्या दिवशी सगळं गोत तुझ्या दारात. नाही पडलं, तर गुडघ्याला दोन शिव्या हासडून मी माझ्या शेगडीपाशी उभी राहीन." आणि जाता जाता, अगदी मायेने, "कॉलेजात शिकलेल्यांना हे जमतंच असं नाही, बाळा. त्यात लाज नाही."

त्यात लाज नाही! त्या तीन शब्दांनी जोसेलिनची झोप उडवली होती.

केकची तिला धास्ती नव्हती. वर्षभर रममध्ये मुरलेल्या मनुका आणि चेरी खुद्द मा ऑगस्टांच्या बरणीतून आलेल्या, आणि केक असा काळाभोर उतरला होता की डब्याचं झाकण उघडलं तरी माणसाने डुलावं. धास्ती होती ती मा ऑगस्टांच्या उजव्या हाताच्या तर्जनीची. हे बोट कुणाच्याही घरी गेलं की थेट शेगडीवरच्या कपाटाच्या माथ्यावरून फिरायचं. मग त्या ते डोळ्यांसमोर धरायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या न बोलण्याने गावातले दोन साखरपुडे मोडले होते, असं डेक्स्टर सांगायचा. डेक्स्टर म्हणजे जोसेलिनचा नवरा. आईचा विषय निघाला की तो जरा वाढवूनच सांगतो, पण पूर्ण खोटं सांगत नाही.

म्हणून सकाळीच लेकाला, थिओला, टँटीकडे पोचवून, खिडक्या सताड उघडून जोसेलिनने पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या. कपाटं रिकामी केली. शेगडीवरचा ओशट चिकटा गरम पाण्यात सोडा घालून खरवडला, बिजागऱ्यांच्या खाचांतून दात घासायचा जुना ब्रश फिरवला, व्हिनेगरच्या फडक्याने फळ्या पुसल्या. मग प्रत्येक दाराला वार्निशचे दोन हात. उरलेल्या उत्साहात तिने ओट्याला मेण चोपडलं.

"अगं, ते फरशीचं आहे," डेक्स्टर म्हणाला.

"ओटा म्हणजे काय? वर चढलेली फरशीच."

ओटा असा लखलखला की त्यात बघून डेक्स्टरने भांग पाडला. फक्त त्यावर ठेवलेलं लिंबू आपलं आपण चालू लागलं. ओटा डेक्स्टरनेच बसवला होता, त्यामुळे तो खिडकीकडे किंचित झुकलेला होता.

दुपारी थिओ घरी आला आणि घोळ झाला. दीड वर्षाच्या त्या स्वारीला नुकते पाय फुटले होते. तो आत शिरला, तर दोन्ही बाजूंना कपाटांची उघडी दारं, आणि प्रत्येक दाराचा टोकदार कोपरा नेमका त्याच्या कपाळाच्या उंचीला! जोसेलिनच्या डोळ्यांपुढे टाके आले, डॉक्टर आला, "आई कुठे होती?" असं विचारणारी सासू आली. तिने वार्निशला बोट लावून पाहिलं. चिकटलं नाही. झालं तर मग. ताटल्या, पेले, नाताळच्या लालभडक सॉरेल सरबताच्या बाटल्या, केकचा डबा, सगळं भराभर जागच्या जागी लावलं आणि एकेक दार घट्ट दाबून बंद केलं.

तेवढ्यात डोंगरावरून सर आली आणि हवा पोटभर पाणी प्याली.

साडेतीनला ती पेले काढायला गेली. दार हललं नाही. दुसरं हललं नाही. तिसऱ्याने तर साधी कुरकुरही केली नाही.

"डेक्स्टर, इकडे ये. आरडाओरडा करू नकोस."

"मी कशाला ओरडू?" म्हणत त्याने मूठ धरून हिसका दिला. मूठ त्याच्या हातात आली. दार होतं तिथेच. त्याने दुसरी मूठ ओढली. तीही आली.

"आता थांब," जोसेलिन म्हणाली, "नाहीतर पाहुण्यांना मुठीच वाढाव्या लागतील."

मग सुरी घालून झाली, केस वाळवायचं यंत्र लावून झालं, डेक्स्टरने भिंतीला पाय लावून ओढून पाहिलं आणि तो मेणाच्या ओट्यावरून पार खिडकीपर्यंत जाऊन आला. कपाटं आपली झळाळत उभी, तोंड शिवल्यासारखी. आणि फाटकाची कडी वाजली. मा ऑगस्टा दिलेल्या वेळेच्या आधी येतात, कारण दिलेल्या वेळेला घर तयार असतं.

नवा जांभळा झगा, डोक्यावर हॅट, हातात काठी. त्या दारात थबकल्या, मग थेट शेगडीपाशी गेल्या. बोट शेगडीवरच्या कपाटाच्या माथ्यावर गेलं, फिरलं, डोळ्यांसमोर आलं. कोरडं, स्वच्छ.

"हं," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून "हं" म्हणजे इतरांची टाळी. त्या खिडकीजवळ, ओट्याच्या टोकाच्या स्टुलावर बसल्या. "आता केक आण."

"केक विश्रांती घेतोय, मा," जोसेलिन म्हणाली.

"शेजारी ठेवलाय," त्याच क्षणी डेक्स्टर म्हणाला.

मा ऑगस्टांनी दोघांकडे पाळीपाळीने पाहिलं. "विश्रांतीला शेजारी गेलाय?"

"म्हणजे... तो जरा गार होतोय."

"जळलाय," मा ऑगस्टा म्हणाल्या. "सरळ सांग ना, बाळा. जळतो कधी कधी. बरं, सॉरेल तरी दे."

सॉरेलही कपाटात. डेक्स्टर पाणी घेऊन आला. पेलेही कपाटात, म्हणून थिओच्या बदकाच्या कपातून. दोन कानांचा, चोचीतून प्यायचा. मा ऑगस्टांनी दोन्ही कान धरून, ताठ मानेने तो रिकामा केला आणि खाली ठेवला. कप घसरत त्यांच्या मांडीवर आला.

"समजलं," त्या काठी शोधत म्हणाल्या. "उद्या माझ्याकडेच या सगळे. मी कुणाला काही बोलणार नाही."

काही बोलणार नाहीत! जोसेलिनला ते मोडलेले दोन साखरपुडे आठवले. आणि नेमकं त्याच वेळी अंगणात क्वात्रो, ती चार तारांची छोटी गिटार, झंकारली.

नाताळची गाणी गात घरोघर फिरणारे परांगवाले आले होते. क्वात्रो, खुळखुळे आणि मागे धिप्पाड लिंकन, त्याच्या उलट्या पेटीला काठी नि दोरी लावून केलेल्या बाससकट. आता परांगवाल्यांना दार उघडलं नाही तर वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही. आणि उघडलं तर खाऊ घातल्याशिवाय ते हलत नाहीत.

"उघडू?" डेक्स्टर कुजबुजला.

"उघड," जोसेलिन म्हणाली. "बुडायचंच तर गाण्यासकट बुडू."

मंडळी गात गात थेट स्वयंपाकघरात शिरली. परांगची गाणी स्पॅनिश; ती भाषा कुणालाच येत नव्हती, पण गाणं सगळ्यांना येत होतं. थिओ टाळ्या पिटत त्यांच्या पायांत घुसला. लिंकनला उभं राहायला जागा उरली ती कपाटांशी. त्याने पेटी कपाटाला टेकवली आणि दोरी खेचली.

धुम्म.

कपाटातले पेले किणकिणले. जोसेलिनचे कान टवकारले.

धुम्म. धुम्म. आणि टक्! कोपऱ्यातलं एक दार बोटभर उघडलं.

"लिंकनदादा, जोरात!" जोसेलिन ओरडली.

असं कौतुक लिंकनला आयुष्यात मिळालं नव्हतं. बासवाल्याकडे कोण बघतं? तो पेटून उठला. टक्, टक्, टकाटक दारं उघडत गेली, जणू सबंध स्वयंपाकघर कोरसमध्ये सामील झालं. शेवटी ओट्यावर टेकलेल्या उभ्या कपाटाचं दार फाडकन उघडलं आणि आतून केकचा डबा बाहेर आला. तो पडला नाही. मेणावरून, उतारावरून, डौलात, बंदरात शिरणाऱ्या जहाजासारखा सबंध ओटा पार करत गेला आणि मा ऑगस्टांच्या समोर, त्यांच्या पुढे केलेल्या तळहाताला टेकून थांबला.

गाणं थांबलं. डेक्स्टरने पुढे होऊन झाकण काढलं. रमचा वास असा उठला की क्वात्रोवाल्याने हॅट काढली.

मा ऑगस्टांनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. 

"या घरी केक असा आणतात का?" मा ऑगस्टांनी विचारलं.

"हो, मा," जोसेलिन म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

"इतकी वर्षं मी नुसताच ताटलीत वाढत आले," मा ऑगस्टा म्हणाल्या आणि त्यांनी काठी डेक्स्टरच्या हातात दिली. "उद्याचं जेवण इथे. पुढच्या नाताळचंही इथेच. आणि शिकलेल्यांना जमत नाही असं जो म्हणेल, त्याने मला येऊन भेटावं."

परांगवाल्यांनी असा गजर केला की टँटी व्हिल्मा चपला न घालता धावत आली. जोसेलिनच्या एका हातात सुरी, दुसऱ्या हातात सासूबाईंची ताटली, भोवती "मला", "मलाही" करणारे हात. अशा थाटात ती आजवर कधी उभी राहिली नव्हती.

मग एकाएकी तिची मान वळली. सगळी दारं उघडी, खालची सुद्धा. आणि थिओच्या टाळ्या ऐकू येत नव्हत्या. दीड वर्षाचं पोर गप्प बसतं, ते उगाच नाही.

ताटली खाली ठेवावी तर ओट्यावरून निघून जाणार. डेक्स्टरला हाक मारावी तर तो नाचतोय. तेव्हा तिने, ही गोष्ट वाचत बसलेल्या तुमच्याकडेच पाहिलं.

"अहो, तुमचे हात रिकामे दिसताहेत. जरा खालच्या कपाटात वाकून बघता का, आमचा थिओ काय करतोय? पिठाच्या डब्यापासून सुरुवात करा."