आतली खूण

मोहरकर भाऊजी चहाला आले की आधी माझ्या साखरेच्या डब्याचं झाकण काढून वास घेत. डब्यावर मी मोठ्या अक्षरांत साखर लिहिलं होतं. पण एकदा त्यातून खाण्याचा सोडा निघाला, तेव्हापासून त्यांचा विश्वास उडाला. "नावावर नोका जाऊ वहिनी," ते म्हणत, "आतली खूण पाहा."

त्यांचं कामच तसं होतं. ते प्लांटच्या कॉम्प्युटर विभागात होते आणि प्लांटच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरमध्ये, आमच्या क्वार्टरला लागून त्यांचं क्वार्टर. मधली भिंत एकच. तिकडे शिंकलं की इकडे कळे. ते सांगत, अख्ख्या फ्लॉपीची किंवा सीडीची हुबेहूब नक्कल एका फाइलीत भरता येते. फाइलीला नाव कोणी काहीही देतं, पण प्रत्येक प्रकारच्या नकलेत ठरलेल्या जागी ठरलेली अक्षरं असतात. ती सापडली की प्रकार कळतो आणि मग ती उघडता येते.

हेच ते सगळ्या जगाला लावत. रिसालीच्या बाजारात भाजीवाली "ताजा हे बाबू" म्हणे, भाऊजी जुडी उघडून मधली काडी मोडून पाहत. माणसांच्याही खुणा त्यांनी काढल्या होत्या. मला म्हणाले, "तुमची खूण 'कावून'. तुमचं बोलणं 'का' विचारूनच सुरू होते."

"कावून?" मी विचारलं.

"हेच ते," भाऊजी म्हणाले.

त्यांच्या बायकोची, शकुताईची, खूण 'अवो'. ती आम्हा सगळ्याच बायांची. नवऱ्याचं नाव कोण घेतं?

शकुताई उपचारासाठी मुलाकडे पुण्याला गेली आणि तिथेच वारली. मुलानं आईचं बोलणं कॉम्प्युटरवर भरून ठेवलं होतं. त्याची नक्कल एका फाइलीत भरून ती त्यानं सीडीवर पाठवली, पण फाइलीला नाव भलतंच दिलं आणि नक्कल कुठल्या प्रकारची ते त्याच्याही लक्षात राहिलं नाही. पुढे त्याचा कॉम्प्युटर बिघडला, त्यातलं सगळं पुसलं गेलं. आता तिचा आवाज असला तर त्या एका फाइलीत.

सीड्या तेव्हा नव्याच होत्या. भाऊजींचा हात फ्लॉपीवर बसलेला. फ्लॉपीची खूण जिथे असते तिथे त्यांनी पाहिलं. काही नव्हतं. त्या दिवशी ते आले आणि साखर न हुंगता चहा घेतला.

"रिकामी आहे वहिनी. नुसती शून्यं. पोरगं म्हणते, फेकून द्या."

"कावून? खालपर्यंत पाहिली का?"

"खूण असते तिथं पाहिली ना."

"माझ्या लाडवाच्या डब्यात वर कागदच कागद असते. पोरायले दिसू नये म्हणून. ज्याले लाडू पाहिजे तो हात खोल घालते."

कप अर्धा सोडून ते उठले.

संध्याकाळी अंगणात कोरड्या आवाजात म्हणाले, "ही सीडीची नक्कल आहे. आधी बराच भाग रिकामा असते, मग खूण. सीडी शून्य शून्य एक." एवढंच सांगून आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोळ्या लाटत होते, आमचे हे पेपर वाचत होते.

"अवो," हाक आली.

ह्यांनी चष्मा काढला, अर्धे उठलेही. "काय झालं? मले बलावलं का?"

मी भिंतीकडे पाहिलं. "तुम्हाले नाही," म्हटलं. "बसा खाली."

पलीकडे खुर्ची सरकली. "आलो," भाऊजी म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा तेच 'अवो'. पुन्हा 'आलो'.