कॅन्सल झालेल्यांची भिंत

मुश्ताकभाई परकार आमच्या घरात शिरले की आधी भिंतीला सलाम करत आणि मग मला. चपला काढून ते थेट सोफ्यामागच्या भिंतीपाशी जात, तिथले सगळे फोटो एकेक करून अंगठ्याने सरळ करत, दोन पावलं मागे येऊन एक डोळा मिटून बघत आणि मगच वळून म्हणत, "कशा आहात वहिनी?" सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. घर माझं, भिंत माझी, आणि आत घामाघूम होऊन अख्ख्या टीमची आमटी उकळत होते तीही मीच.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली, आखातात आमच्या अल कुसैसच्या भाड्याच्या फ्लॅटमधली. आमचे हे, म्हणजे सुधीर, दर शुक्रवारी सकाळी बिल्डिंगमागच्या वाळूच्या प्लॉटवर टेनिस बॉलने क्रिकेट खेळत. मुश्ताकभाई तिथले अंपायर. मूळचे रत्नागिरीकडचे, बायको-मुलं गावाला. स्वतः शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गोदामावर स्टोअरकीपर आणि राहायला आमच्याच गल्लीत, सहा जणांच्या खोलीत. सामना संपला की ते जुम्म्याच्या नमाजाला जात आणि तिथून थेट आमच्याकडे जेवायला येत. तोवर बाकीची टीम येऊन पंख्याखाली पसरलेली असे.

त्यांच्या गोदामाचा मॅनेजर अमेरिकन होता आणि त्याला बेसबॉलचं वेड होतं. तिकडे म्हणे बेसबॉलच्या थोर खेळाडूंसाठी एक हॉल ऑफ फेम आहे, आणि तिथे कुणाला घ्यायचं यावर दर हिवाळ्यात भल्याभल्यांची भांडणं जुंपतात. मुश्ताकभाईंनी बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. तरी साहेबाशी ते तासन् तास हुज्जत घालत, अमका खेळाडू नुसते फटके मारतो, त्याला कशाला घ्यायचं म्हणून. साहेबालाही बहुधा असाच कुणीतरी हवा होता.

तिथून हे खूळ आमच्या टीममध्ये आलं. मुश्ताकभाईंच्या खोलीच्या भिंती दोनमजली पलंगांनी आणि बॅगांनी भरलेल्या, म्हणून भिंत माझी. घरमालकाची खिळे मारायला सक्त मनाई होती. मुश्ताकभाईंनी वॉचमनला चहा पाजून त्याच्या देखत खिळे मारले.

नियम सगळे त्यांचेच. जो अजून इथे आहे त्याचा फोटो लागणार नाही. व्हिसा कॅन्सल होऊन माणूस कायमचा मुलखाला गेला की मगच त्याचा विचार, आणि तोही वर्ष उलटल्यावर. अमेरिकेत पाच वर्षं थांबतात. "पण गल्फमध्ये पाच वर्षं कोण कुणाला ध्यानात ठेवतो?" असं म्हणून त्यांनी ती एकावर आणली. चारातल्या तिघांनी हात वर करायला हवेत. भिंतीची मालकीण म्हणून मला एक मत. अंपायरचा फोटो कधीही लागणार नाही, कारण अंपायर खेळत नाही, तो नुसता उभा असतो.

मग आमटी-भातावर वाद रंगत. नाझीर ड्रायव्हरने पिकअपच्या बॉनेटवर चढून घेतलेला झेल धरायचा की नाही? लोबोने एका स्पेलमध्ये अर्धी टीम उडवली, पण समोरचे अर्धे उपाशी होते, रमजान होता, त्याचं काय? मी कुणाची बाजू घेऊन बोलू लागले, बिचारा किती गरीब स्वभावाचा होता वगैरे, की मुश्ताकभाई हाताने थांबवत. "भावना बाजूला ठेवा, वहिनी. पुरावा बोला." हे त्यांचं पालुपद. माझी मिताली तेव्हा नऊ-दहा वर्षांची, तीही पोळी लाटू का विचारलं की म्हणायची, "आई, पुरावा बोला." एरवी मराठीत एक अक्षर बोलायची नाही.

एकदा सुधीरच्या नलूआत्या पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो भिंतीवरच्या प्रत्येक फोटोला गंध लावलेलं आणि वर एकेक फूल खोचलेलं. आत्या हात जोडून उभ्या. हळूच मला म्हणाल्या, "सगळे तरुणच गेले गं." मला हसावं की रडावं कळेना. नेमका शुक्रवार होता. मुश्ताकभाई आले, त्यांनी गंध पाहिलं, फुलं पाहिली आणि गंभीरपणे आत्यांना सांगितलं, "वारले नाहीत, आत्या. कॅन्सल झाले." फुलं मात्र त्यांनी काढू दिली नाहीत. मान तो मान, म्हणाले.

सगळ्यात मोठं भांडण चौधरीवरून. चौधरी नाशिकचा, आमच्या टीमचा सगळ्यात जबरदस्त बॅट्समन, पण आऊट दिलं की पिच सोडायचा नाही. स्टंपवर बसून राहायचा. तो जाऊन वर्ष झालं आणि सगळे म्हणाले, आता लावा फोटो. मुश्ताकभाई एकटे अडून बसले. बॅट मोठी, वागणूक छोटी, अशा माणसाला घेतलं तर भिंतीची इज्जत काय राहिली? अंपायर म्हणून महिनाभर त्यांनी मतदानच होऊ दिलं नाही. तावातावाने बोलताना त्यांचा भात गार होई आणि मी तो दोनदा गरम करून देई.

आणि मग एका शुक्रवारी चौधरीचं नाव निघताच मुश्ताकभाईंनी सगळ्यांच्या आधी हात वर केला. ना वाद, ना पुरावा. खाली मान घालून आमटी ओरपत राहिले.

सगळे गेल्यावर ते मागे राहिले. अमेरिकन साहेब निवृत्त होऊन परत गेला होता, गोदाम बंद होत होतं आणि महिनाअखेर व्हिसा कॅन्सल होणार होता. जेबल अलीतली एक कंपनी त्यांना घ्यायला तयार होती, पण जुन्या मालकाने हरकत नसल्याची एनओसी दिली तर. नाही दिली तर परत यायला बॅन बसणार, आणि त्यांच्या वयाला पुन्हा कोण बोलावणार? धाकटीची बारावी व्हायची होती. मालक रोज म्हणत होता, इन्शाल्ला, उद्या.

"एक काम होतं, वहिनी," असं म्हणून त्यांनी खिशातून फोनचं कार्ड काढून टीपॉयवर ठेवलं. "दर गुरुवारी संध्याकाळी मी भिंतीवरच्या एकाला फोन लावतो. बकाल्याच्या दुकानाशेजारच्या बूथवरून. गेल्या शुक्रवारी कोण जिंकलं, कोण हरलं, तेवढंच सांगतो. मी गेल्यावर तुम्ही लावाल का?"

मी थक्क झाले. इतकी वर्षं याचा कुणाला पत्ता नव्हता.

"माणूस गेला की पहिले चार महिने सगळे फोन करतात," ते म्हणाले. "मग कुणी करत नाही. त्याला वाटायला लागतं, एवढी वर्षं आपण तिथे होतो का नव्हतोच. म्हणून लावायचा."

"आणि तुम्हाला कोण लावणार?"

"मी अंपायर. नियमात बसत नाही." माझे डोळे भरलेले पाहून ते उठलेच. "भावना बाजूला ठेवा, वहिनी," म्हणाले आणि चपला घालून गेले.

माझा पारा असा चढला की विचारू नका. पुढच्या शुक्रवारी मुश्ताकभाई जेवायला आले नाहीत, मालकाच्या दारात बसले होते. मी आमटी वाढायच्या आधी सगळ्यांना सांगितलं, अंपायरचा नियम आजपासून रद्द, ज्याला जेवायचं असेल त्याने हात वर करावा. सगळे हात वर. फक्त मिताली तोंड वाकडं करून म्हणाली, "आई, दॅट्स नॉट फेअर. अंकल हॅज टू गो फर्स्ट." तिला मी स्वयंपाकघरात पाठवलं.

त्याआधीच्याच गुरुवारी, ते जायची वाट न बघता, मी पहिला फोन नाशिकला लावला होता. चौधरीला सांगितलं, तुझा फोटो लागला, आणि पहिला हात मुश्ताकभाईंचा. तो म्हणाला, "त्या माणसाने मला तीनदा खोटा एलबीडब्ल्यू दिलाय, वहिनी. पण त्यांचं नाव कधी निघालं तर माझं मत धरा."

सुधीरकडे एक फोटो होता, बोट वर केलेले मुश्ताकभाई. त्याला फ्रेम केली. खिळा मी स्वतः मारला, वॉचमनला न विचारता.

त्यानंतरच्या शुक्रवारी बेल वाजली. मुश्ताकभाई दारात, हातात हलव्याचा डबा. "खलास, वहिनी. दिली एनओसी. काल संध्याकाळी सही केली त्याने." माझा जीव भांड्यात पडला. सुधीरने त्यांना मिठी मारली, कुणीतरी डबा उघडला, सगळे एकदम बोलायला लागले, आणि मी पदराने डोळे पुसत होते ते कुणी पाहिलं नाही.

मुश्ताकभाई सवयीने भिंतीकडे गेले. पहिला फोटो सरळ केला, दुसरा केला, आणि शेवटच्यापाशी अंगठा थांबला.

"हे कुणी लावलं?"

"मी," मी म्हटलं. "एकमताने. चौधरीचंसुद्धा मत आहे."

"चौधरीचं?" ते भिंतीकडेच बघत राहिले. मग कडक आवाजात म्हणाले, "नियम म्हणजे नियम. मी अजून कॅन्सल झालो नाही. उतरवा तो."

"टोल्ड यू," मिताली म्हणाली.

मी फोटो उतरवला आणि कपाटात ठेवायला निघाले. जाता जाता खिळाही उपटावा म्हणून हात घातला. मुश्ताकभाईंनी माझा हात धरला नाही, नुसता आपला अंगठा त्या खिळ्यावर ठेवला.

"हा राहू द्या, वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले आणि हात धुवायला आत गेले.