कोऱ्या जागेखालची खोली

मोठ्या जहाजावर खोली कशी निवडावी, हे सायखेड्यापासून नांदगावपर्यंत माझ्याइतकं कोणालाच कळत नाही! थट्टा नाही. हल्ली कोणी गोव्याच्या जहाजाचं नाव जरी काढलं, तरी मी चहाचा कप खाली ठेवतो आणि पुढचा अर्धा तास दुसऱ्या कोणाला बोलू देत नाही. पुढची खोली, मागची खोली, लिफ्टजवळची, स्वयंपाकघरावरची, सगळं तोंडपाठ!

फक्त हे सगळं मला जहाजावर जाऊन आल्यावर कळलं, एवढंच.

झालं काय, माझी मुलगी योगिनी आणि जावई रोहित पंचवटीत राहतात. तिला सातवा महिना लागला आणि तिने मला बोलावून घेतलं.

"आप्पा, डोहाळजेवण इथे आमच्या घरी करायचं आहे. तुम्ही दोघं आणि माझे सासू-सासरे, चौघं हसतखेळत बसणार असाल तरच मी हिरवी साडी नेसेन. नाहीतर त्या दिवशी गाऊन घालून, खिचडी लावून, दार बंद करून झोपून जाईन!"

"बसू की. त्यात काय?"

"कसे बसाल? दोन वर्षं तुम्ही एकमेकांकडे पाठ करून बसताय!"

ते खरं होतं. कारण फेटा! योगिनीच्या लग्नात ऐन वेळी फेटेवाल्याकडचे केशरी फेटे संपले. माझे व्याही सहादूराव नांदगावचे, बियाण्यांचं दुकान, अंगापिंडाने भरदार माणूस. त्यांच्या डोक्याला उरला तो जांभळा फेटा. आणि बँडवाल्यांचेही जांभळेच! वरातीत आमच्याकडच्या एका पाहुण्याने व्याह्यांच्या हातात विसाची नोट कोंबली आणि म्हणाला, "जरा जोरात वाजवा!"

त्या दिवसापासून व्याही माझ्याशी बोलले नाहीत. विहीणबाई, म्हणजे लताबाई, माझ्या बायकोशी, चतुराबाईशी, बोलल्या नाहीत. आणि चतुराबाई माझ्याशी बोलत राहिली, हे त्याहून वाईट!

"म्हणून रोहितने आणि मी ठरवलंय," योगिनी म्हणाली. "तुम्हा चौघांना जहाजाने गोव्याला पाठवायचं. तीन रात्री. समुद्रात रुसून जाणार कुठे?"

योगिनीची मैत्रीण दीपमाला सहलींच्या ऑफिसात कामाला आहे. तिने जहाजाचा नकाशा माझ्यापुढे पसरला. माझ्यासाठी तिने बॉलपेनने त्यावर मराठीत लिहून ठेवलं होतं. इथे जेवण, इथे नाचगाणं, इथे लिफ्ट.

"काका, दोन खोल्या घ्यायच्यात. माझं ऐकाल तर दोन्ही खालच्या मजल्यावरच्या, मधल्या घ्या. खिडकी नसते, पण हलत नाहीत. वरची, पुढच्या टोकाची खोली जरा हलते हां."

"पोरी, व्याह्यांना तळघरात घालू? आधीच फेटा चुकलाय! त्यांना वरची दे. बाल्कनीवाली. आम्ही मुलीकडचे, आम्हाला खालची चालंल."

"बरं. मग निदान खोलीच्या डोक्यावर काय आहे तेवढं बघून घ्या."

आता हे काम माझं! मी अक्षरं शिकलो ती बेचाळिसाव्या वर्षी, गावातल्या रात्रीच्या वर्गात. तेव्हापासून कागदावर माझा पूर्ण भरवसा. लिहिलंय ते आहे, लिहिलेलं नाही ते नाही. मी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि पुढच्या टोकाच्या बाल्कनीवाल्या तीन खोल्या तपासल्या. एकीच्या डोक्यावर नाचगाणं. कटाप! दुसरीला लागून लिफ्ट. कटाप! तिसरीच्या वर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं. छापलेलंही नाही. पांढरी, कोरी जागा!

"हीच!" मी म्हणालो. "वर काहीच नाय. नुसतं आभाळ!"

मुंबईला जहाज बघितलं आणि आम्ही चौघंही मान मोडेपर्यंत वर बघत राहिलो. धक्क्याला जणू एखादी कॉलनीच लागलेली! वरची खोली उघडली. समोर बाल्कनी, पुढे अख्खा समुद्र. सहादूरावांनी बाल्कनीत उभं राहून दोन्ही हात कमरेवर ठेवले. दोन वर्षांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"पुंजाराव, खोली झकास हाय."

मला पुंजाराव म्हणाले! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चतुराबाईच्याही आलं, पण ते आमची खोली बघून. चौथ्या मजल्यावर, म्हणजे जहाजात तळाकडेच, बरोब्बर पोटात. खिडकी नाही, झरोका नाही. आंबे ठेवले तर अढीसारखे पिकतील अशी.

"आवं, इथं दिवस कधी उगवला ते कसं कळायचं?"

"चहाची वेळ झाली की उगवला समज."

सकाळी नऊ वाजता आम्ही नाश्त्याला गेलो. दहा तास झोप! इतके ताजेतवाने की चतुराबाईने गजराही माळला होता. समोरून व्याही-विहीण आले. लताबाईंचा चेहरा लिंबासारखा पिवळा. सहादूराव भिंतीला धरून चालत होते.

"झोप लागली का?" मी विचारलं.

"झोप?" सहादूराव म्हणाले. "सुपात घालून पाखडलं आम्हाला रातभर! ह्या कुशीवरून त्या कुशीवर, पलंगावरून सतरंजीवर! आन् पहाटे पाचपासून डोक्यावर कोणीतरी लोखंडी खाटा ओढतंय! खर्रर्र! खर्रर्र!"

"पण वर तर काहीच नाय!"

"मग भुतं असत्याल!"

लताबाई चतुराबाईकडे बघून बारीक आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला बरी लागलेली दिसते झोप. गजराबिजरा."

इथे मी चतुराबाईच्या पायावर पाय द्यायला हवा होता. दिला, पण तो टेबलाचा पाय निघाला.

"लय छान!" चतुराबाई म्हणाली. "आम्हाला तर जहाज निघालं हेच कळलं नाय! ती दीपमाला म्हणलीच होती की, खालच्या मधल्या खोल्या हलत नाय. पुढची वरची हलते, ती घेऊ नका."

 

सहादूरावांनी हातातली इडली ताटात ठेवली. "म्हंजे तुम्हाला माहीत होतं."

"व्याही, ते मानासाठी..."

"माहीत होतं आन् आम्हाला तिथं टाकलं!" ते उठले. "त्या टायमाला फेटा होता. ह्या टायमाला खोली! घरी गेल्यावर रोहितला सांगतो. डोहाळजेवणाला आमची वाट बघू नका म्हणावं!"

माझ्या डोळ्यांसमोर योगिनी उभी राहिली. गाऊन घातलेली, हातात खिचडीचा कुकर!

"थांबा! आपण खोल्या बदलू!"

"मुलीच्या बापाला उठवून त्याच्या जागी झोपू? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? समुद्रात?"

पण ते गेले. मग मी डोकं चालवलं. विचारून बदलत नाहीत ना, मग न विचारताच बदलायचं! आमच्या खोल्यांचं बघणारे मोतीराम नावाचे पन्नाशीचे कोकणातले गृहस्थ होते. त्यांना गाठलं.

"मोतीराम, वरच्या खोलीतल्या बॅगा खाली आणा, आमच्या खालच्या वर न्या. गुपचूप. पाव्हण्यांना कळायला नको."

"होय काका."

मी डेकवर जाऊन निवांत बसलो. काम फत्ते! तासाभराने खाली डोकावलो तर मोतीराम आमच्या बॅगा परत आमच्याच खोलीत ठेवताहेत! हा व्याह्यांचा मानीपणा. मोतीरामना म्हटलं, "पुन्हा न्या."

"होय काका."

जेवायच्या आधी बघतो, तर पुन्हा खालीच, दाराबाहेर! "पुन्हा न्या!"

मला काय ठाऊक की तिकडे सहादूरावांना खोलीत माझी टोपी खुंटीवर दिसली होती आणि त्यांची समजूत झाली होती की आता ह्या माणसाला बाल्कनीही पाहिजे! तेही दरवेळी मोतीरामना गाठून बॅगा उलट पाठवत होते. पाचव्या फेरीला आम्ही तिघं लिफ्टच्या दारात समोरासमोर आलो. मध्ये ढकलगाडी, तिच्यावर सहा बॅगा.

"काल खालची गोड लागली, आज वरची पाहिजे?" सहादूराव कडाडले.

"अहो, तुम्हाला खालची मिळावी म्हणून धडपडतोय!"

"माझ्या खुंटीला टोपी अडकवून?"

मोतीरामनी हात जोडले. "काका, ह्या बॅगा घेऊन आज मी जितका फिरलो, तितकं हे जहाज वर्षात फिरत नाही. एकदा काय ते नक्की ठरवा आणि बायकांनाही विचारा."

बायका! आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"लताबाई तुमच्या मंडळींजवळ हाय ना?" सहादूरावांनी विचारलं.

"आमची मंडळी लताबाईंजवळ नाय?"

नाश्त्यानंतर दोघींना कोणीच बघितलं नव्हतं! वरच्या खोलीत नाहीत. जेवणाच्या हॉलमध्ये नाहीत. खालच्या खोलीचं दार मी दोनदा वाजवलं, आतून आवाज नाही, आणि दाराचं कार्ड चतुराबाईकडे. पोहण्याच्या तलावापाशी गेलो, तिथे जे दिसलं ते बघून दोघेही लगेच परत फिरलो.

सहादूराव कठड्याला धरून खाली पाण्याकडे बघू लागले. एवढा भरदार माणूस, पण आवाज चिरकला. "सकाळी तिला लय मळमळत होतं हो. वाकली असंल कठड्यावरून... मी तिला म्हणलो, तुझं नाटक हाय."

चतुराबाईला मी रागाने काय काय म्हणालो होतो, ते एकेक आठवायला लागलं. यादी मोठी होती.

आम्ही मोतीरामना घेऊन काउंटरवर धावलो. जहाजभर भोंगा घुमला, "नांदगावच्या लताबाई आणि सायखेड्याच्या चतुराबाई, जिथे असाल तिथून लवकर काउंटरपाशी या!" एकदा मराठीत, एकदा हिंदीत, एकदा इंग्रजीत. नाचणारे थांबले. खाणारे थांबले नाहीत, पण वर बघायला लागले.

अर्धा तास गेला. कोणी नाही. आणि मग मोतीराम म्हणाले, "काका, एक विचारू? तुमच्या खालच्या दाराला लाल पाटी तुम्हीच लावली ना? त्रास देऊ नका म्हणून. ती बघून मी मागच्या फेरीला बॅगा बाहेरच ठेवल्या होत्या."

"कसली पाटी?" मी म्हणालो. पाटी मी बघितली होती. इंग्रजी होती, मला वाटलं शोभेची आहे.

मोतीरामनी त्यांच्या कार्डाने दार उघडलं. आत काळाकुट्ट अंधार. बाहेरच्या उजेडात बघतो तर दोन पलंगांवर दोन विहिणी, तोंडावर पदर घेऊन, घोरताहेत! एक चढत्या सुरात, एक उतरत्या. मध्ये लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडी.

"लते!" सहादूरावांनी हंबरडा फोडला.

लताबाईंनी एक डोळा उघडला. "ओरडू नका! आत्ता कुठं डोळा लागलाय. चतुराबाईंनी लोणचं चाटवलं, पाय चेपले, तवा पोटात स्थिरावलं."

"अगं, पण आमचा जीव..."

चतुराबाई पदराआडूनच म्हणाली, "विहीणबाई आता इथंच राहणार. तुम्ही दोघं जा वर बाल्कनीत. आन् जाताना ती पाटी सरळ करा!"

दार बंद झालं.

दोन दिवस आम्ही दोघं व्याही त्या झकास खोलीत होतो. काय सांगू! मी पलंगाला धरलं होतं, त्यांनी मला धरलं होतं. पहाटे पाच वाजता डोक्यावर खर्रर्र! मी नकाशा काढून दाखवला, "बघा, वर काहीच नाय." ते म्हणाले, "चला, बघूनच येऊ."

भिंती धरत वर गेलो. बरोब्बर आमच्या डोक्यावर, त्या पांढऱ्या कोऱ्या जागेत, दोन धट्टेकट्टे माणसं दोनशे लोखंडी आरामखुर्च्या ओढून ओढून रांगेत लावत होती!

सहादूरावांनी नकाशा हातात घेतला. बराच वेळ बघितला.

"पुंजाराव, तीस वर्षं दुकान चालवतोय, कोऱ्या कागदावर कधी सही केली नाय. आन् तुम्ही त्याच्याखाली मला झोपवलं!"

"चुकलं व्याही."

"जाऊ द्या. मुद्दाम केलं असतं, तर तुम्ही असे पिवळे पडला नसता." आणि ते दोन वर्षांत पहिल्यांदा हसले. मीही हसलो. मग दोघेही घाईघाईने कठड्याकडे गेलो.

आठ दिवसांनी पंचवटीत डोहाळजेवण झालं. योगिनी हिरव्या साडीत, फुलांनी सजवलेल्या झोपाळ्यावर बसली. दोघी विहिणी एका सतरंजीवर, एकीच्या मांडीवर दुसरीचा हात. बायकांनी गाणं धरलं आणि सुलाबाई नावाच्या शेजारीण आम्हाला म्हणाल्या, "या ना दोन्ही आजोबा, एकेक झोका द्या!"

झोपाळा पुढे गेला. मागे आला. पुढे गेला. मी सहादूरावांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांच्या कपाळावर घाम. माझ्या डोळ्यांसमोर ती बाल्कनीवाली खोली.

"थांबवा तो!" दोघेही एकदम ओरडलो आणि एकमेकांचा हात घट्ट धरून जे बाहेर पळालो, ते थेट ओट्यावर येऊन बसलो.

आतून सुलाबाईंचा आवाज आला, "अगंबाई! व्याह्याव्याह्यांचं इतकं प्रेम मी कुठं बघितलं नाही!"

आम्ही हात सोडले नाहीत. ओटा अजून हलत होता.