ऑर्फाबाईंचा पाय आणि न हसलेला साक्षीदार

आमच्या स्टुडिओत नायिका पडली तर त्याला अपघात म्हणतात. विनोदी नटी पडली तर काम. नियम जुना आहे.

ऑर्फा ट्रिम्बल या आमच्या कायमच्या सासूबाई. तोंडावर क्रीमचा केक झेलणं, मागे कुत्रा लावून घेणं, जिन्यावरून गडगडत येणं, हाच त्यांचा संसार. त्या मंगळवारी जिन्याखाली गादी नव्हती. नायिकेला सोफ्यावर मूर्च्छा यायची होती आणि सोफा टोचत होता, म्हणून गादी तिकडे गेली. बाई आल्या त्या थेट फरशीवर.

"आई गं! पाय मोडला माझा!"

मूकपटाचं हे बरं असतं, कॅमेऱ्याला ऐकू येत नाही. बाईंचे ओठ छान हलले. पडद्यावरच्या पाट्या लिहिणं माझं काम; मी तिथे लिहिलं, "जावईबापू, कॉफी ठेवा, आलेच मी!"

"पाटी घाल चुलीत मेल्या, डॉक्टरला बोलाव!" बाई कण्हल्या. "सोमवारी पुन्हा ह्याच जिन्यावरून पडायचंय मला."

पण विश्रांती हवी तर अपघात सिद्ध व्हायला हवा, आणि त्यासाठी हवा न हसलेला एक साक्षीदार. हसू आलं म्हणजे काम झालं. कामाला प्लास्टर मिळत नाही. सेटवर सगळी माणसं प्रामाणिक निघाली. सुतार म्हणाला, "बाई, खोटं कसं बोलू? माझं तर हसून हसून पोट दुखलं."

बाई लंगडत डॉक्टरकडे गेल्या. ते लंगडणं पाहून डॉक्टरच खुदकन हसले आणि 'प्रकृती उत्तम' लिहून मोकळे झाले. दिग्दर्शक लिंडक्विस्टना तर ती चाल इतकी आवडली, की त्यांनी ती करारात घातली. आता पाय बरा होणं म्हणजे करारभंग.

"अहो, पण खरंच दुखतंय!" बाई ओरडल्या.

"तेच तर सोनं आहे, बाई! असं दुखणं दुसऱ्या कुणाला जमतं?"

शेवटी मालकांनी सुनावणी ठेवली. सर्वांना गंभीर राहण्याची सक्त ताकीद होती. बाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "मला एवढंच सांगायचंय..." आणि पाय लचकला. आधाराला त्यांनी टेबलक्लॉथ धरला. टेबलक्लॉथबरोबर पाण्याचा जग आला, जग धरायला मालक वाकले, आणि बाईंच्या हातात मालकांच्या डोक्यावरचा केसांचा टोप आला. तो घेऊन बाई आडव्या. मालकसुद्धा हसले. प्रकरण निकालात निघालं.

बाहेर पायरीवर बसून बाई मला म्हणाल्या, "जन्मभर हसवलं रे लोकांना. आता एकाला तरी माझं दुखणं खरं वाटावं, तर काय करू मी?" मला फार वाईट वाटलं. रुमाल काढून दिला. त्यांनी त्यात जोरात नाक शिंकरलं, आणि मी तोंड फिरवलं.

सोमवार अजून उगवायचा आहे. साक्षीदार जागेवर हजर असलाच पाहिजे असं नियमात कुठेही नाही. हकिगत वाचलेलाही चालतो. तुम्ही सगळी वाचलीत, माणसंही सज्जन दिसता. या, बाईंसाठी सही करा. फक्त टोप हातात आला तेव्हा तुमचा चेहरा कसा होता, तेवढं शपथेवर सांगा.