बरं, आणि नाळ?

आमच्या केडगावच्या घरात वरच्या खोलीत शेवंता मॅडम राहायला आल्या, त्या दिवशी सामान टेकवायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "काका, तुमची नाळ कुठं पुरलीय?"

मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. तिकीट न काढलेला माणूस मला पाठीवरून ओळखू येतो. पण नाळेची चौकशी करणारा उतारू कधी भेटला नव्हता. "पुणतांब्याला, गोठ्यामागं," मी सांगून टाकलं आणि लगेच जीभ चावली. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं होतं!

मॅडम सार्वजनिक आरोग्याच्या डॉक्टर, म्हणजे गोळ्या न देणाऱ्या. ऊस तोडायला गाव सोडणारी माणसं कुठल्या जातीजमातींची, परमुलखात त्यांच्या तब्येतीचं काय होतं, यावर त्यांचं संशोधन. पण दूधवाला, रिक्षावाला, मीटर बघायला आलेला वायरमन, कुणाचीच सुटका नसे. आधी नाव, मग गाव, मग मान तिरकी करून, "बरं, आणि नाळ?"

"गाव विचारलं की माणूस बापाचं गाव सांगतो, काका," त्या म्हणाल्या. "नाळ विचारली की कळतं, जन्म दवाखान्यात झाला की उसाच्या फडात."

हे पटण्यासारखं होतं. म्हणूनच मला जास्त संशय आला.

त्यातच आमची सुमन बाळंतपणाला माहेरी आलेली. मॅडमनी तिला जिन्यातच गाठलं. "बाळाची नाळ पडली की कुठं पुरणार?" झालं! आमच्या हिचा चेहरा पांढराफटक. "करनी करनारी हाय ती! नाळंवर डोळा हाय तिचा. लेकरू यायच्या आत खोली खाली करून घ्या."

आधी पुरावा हवा, म्हणून मी "तिकडंच माझं काम आहे" अशी थाप मारून एकदा त्यांच्या जीपमध्ये बसलो. ऊसतोड कामगारांच्या झोपड्या येईपर्यंत मॅडमनी पाच वेळा गाडी थांबवली. दर वेळी बाभळीपाशी. उतरायच्या, बुंध्याशी उकिडवं बसून मातीवर हात फिरवायच्या आणि मुकाट्यानं परत यायच्या. गुप्तधन! माझी खात्रीच पटली.

पहिल्या झोपडीपुढं एक म्हातारी बसली होती. मॅडमनी या वेळी वही उघडलीच नाही. "आजी, पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी होती. माझ्या आईचं नाव गंगूबाई. कारखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच बाळंत झाली. माझी नाळ बाभळीखाली पुरली म्हणायची."

"लई गंगूबाया बघितल्या, बाई," म्हातारी म्हणाली. "आन् बाभळी काय, समद्या रस्त्यानं हायेत."

परतताना मॅडम स्वतःहूनच बोलल्या. "आईला रस्ता आठवत नव्हता. आता तीही नाही. वहीत सगळ्यांची जागा लिहिलीय, काका. माझ्याच नावापुढं रिकामं आहे."

मला माझी लाज वाटली. घरी येऊन हिला सगळं सांगितलं. हिनं ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाली. हिचं "बघू" म्हणजे बहुतेक नाहीच.

सुमनला मुलगी झाली. मॅडम दार लोटून वरच बसू लागल्या. आमच्या मनात काय आहे ते त्यांना कळलं असावं. खोक्यांत पुस्तकं भरल्याचा आवाजही आम्ही ऐकला.

आठव्या दिवशी नाळ पडली. हिनं ती फडक्यात बांधली, खुरपं घेतलं. आता ही गुपचूप परसात जाणार असं मला वाटलं, तर ही जिन्याखाली उभी राहून ओरडली, "ओ मॅडम! वही घिऊन खाली या. जागा नीट लिवून ठिवा. आमी म्हातारी मानसं, इसरून जाऊ."

मॅडम आल्या. वही उघडली, पण त्यांना लिहिता येईना. हिनं वही काढून घेतली आणि खुरपं हातात दिलं. "ऱ्हाऊ द्या. तुमीच उकरा."

पेरूच्या झाडाखाली मॅडमनी खड्डा केला, नाळ ठेवली, आणि कितीतरी वेळ माती सारखी करत राहिल्या.

"मोठी झाली की विचारेल ती," त्या म्हणाल्या. "तेव्हा तिला दाखवायला कुणीतरी हवं."

"मंग तुमी असा की हितं," ही म्हणाली. "अन् ती खोकी आधी सोडा."