हजेरीतला जास्तीचा

सकाळच्या हजेरीला चौकीवर एक माणूस जास्त भरला. कमी भरला असता तर समजण्यासारखं होतं. कमी पडलेल्याला शोधता येतं, शिव्या देता येतात, शिक्षाही करता येते. जास्तीच्याचं काय करायचं, हे सैन्याच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

चौकी सातासमुद्रापलीकडे, परक्या देशातल्या एका टेकडीवर होती. सुभेदार सोडून माणसं मोजून एकोणीस. रोज सकाळी साडेसहाला सगळे एका रांगेत उभे राहायचे आणि डावीकडून एकेक जण आपला आकडा ओरडायचा. त्या वेळी टेकडीवर धुकं इतकं दाट असायचं, की शेजाऱ्याचं नाकसुद्धा अंदाजाने ओळखावं लागे. त्या सोमवारी 'एकोणीस' झालं, सुभेदारांनी 'विश्राम' म्हणायला तोंड उघडलं, आणि रांगेच्या उजव्या टोकाकडून शांत, स्वच्छ आवाज आला, "वीस!"

"कोण रे तो शहाणा?" सुभेदार गरजले.

सुभेदारांनी प्रत्येकाच्या छातीवर बोट टेकवून मोजलं. एकोणीसच. शेवटचा होता आचारी, आणि एवढ्या थंडीत त्याला घाम फुटला होता.

"साहेब, माझ्या उजव्या कानात कुणीतरी ओरडलं," तो म्हणाला. "आणि माझ्या उजवीकडे कुणीच नाहीये."

या प्रकाराने सगळ्यात जास्त धास्तावला तो सात नंबरचा जवान, घड्याळराव. हे नाव त्याला सोबत्यांनी ठेवलं होतं. पाचला उठणे, पाच-दहाला दाढी, सव्वापाचला पांघरुणाची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी, साडेपाचला पाण्याच्या बादल्या, साडेसहाला हजेरी, मग चहा, कुंपणाच्या तारेकडेने एक फेरी आणि उरलेला दिवस भांडारात. अकरा महिन्यांत यात मिनिटाचा फरक पडला नव्हता. दिवस सगळे सारखे केले की ते भराभर सरतात, अशी त्याची समजूत होती. कारण घरी त्याला मुलगी झाली होती, ती आता नऊ महिन्यांची होती, आणि तिचा बाप तिने फक्त फोटोत पाहिला होता.

रजा मंजूर होती. पण नियम असा, की बदली माणूस येऊन भांडाराच्या कागदावर 'चार्ज मिळाला' अशी सही करत नाही, तोवर जुन्याने चौकी सोडायची नाही. बदली गुरुवारच्या ट्रकने येणार होता. घड्याळराव बोटांवर दिवस मोजत होता, आणि नेमकी तेव्हाच मोजणी बिघडली.

मंगळवारी ती आणखी बिघडली, आणि तीही घड्याळरावाच्या शिस्तीमुळे. हजेरीचा आकडा मुख्यालयाला कळवायचं काम त्याचं. वेळ वाचावा म्हणून तो वायरलेस पाठीला लावून, चालू करूनच रांगेत उभा राहायचा. धुक्यातून पुन्हा "वीस!" आलं, आणि पाठोपाठ वायरलेसमधून मुख्यालयातला कारकून बोलला.

"वीस? अरे वा! तुमचा बदली आधीच पोचला म्हणायचा."

"नाही साहेब, तो म्हणजे..."

"मग इथे बॅग भरून बसलाय तो जादाचाच दिसतो. त्याला पुलावरच्या चौकीत पाठवून देतो. बरं झालं कळलं." आणि खरखर झाली.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी तशातली गत: माणूस हवा इथे आणि निघाला पुलावर. दुसऱ्या दिवशी सुभेदार स्वतः वायरलेसवर बसले.

"साहेब, आमच्याकडे विसावा माणूस नाहीये."

"काल तर होता! मी माझ्या कानांनी ऐकला. चोवीस तासांत माणूस हरवलात? लेखी चौकशी लावू? ती संपेपर्यंत चौकीवरच्या सगळ्यांच्या रजा बंद."

सुभेदारांनी घड्याळरावाकडे पाहिलं.

"आहे साहेब, आहे," ते म्हणाले. "इथेच कुठेतरी असेल."

गुरुवारी सकाळी सहाला दोघं भांडारात गेले. नियमाप्रमाणे जुन्याने यादी मोठ्याने वाचायची आणि नव्याने प्रत्येक वस्तूला 'बरोबर' म्हणायचं. घड्याळरावाने नुसती वाचायची आणि सुभेदारांनी विसाव्याच्या वतीने डाव्या हाताने सही ठोकायची, असं ठरलं होतं. दाराच्या फटीतून धुकं आत येत होतं.

"घोंगड्या बावीस," घड्याळरावाने सुरुवात केली.

"बरोबर," मागच्या फळ्यांआडून आवाज आला.

सुभेदार तडक बाहेर गेले. हजेरीची वेळ झाली होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. हजेरीला अजून अर्धा तास होता.

घड्याळरावाचे पाय दाराकडे वळत होते, पण अर्धी यादी टाकून जाणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. "कंदील सहा," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही.

"बरोबर."

"बादल्या पाच."

"चार."

"पाच आहेत," घड्याळराव भीती विसरून म्हणाला.

"एकीचं बूड गेलंय. ती बादली नव्हे."

त्याने जाऊन पाहिलं. तळाच्या बादलीचं बूड खरोखरच गेलं होतं. अकरा महिन्यांत ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. अंगावर काटा उभा होता, तरी त्याने पाच खोडून चार केले. चूक ती चूक.

यादी संपली. कागद फळीवर ठेवून त्याने भिंतीकडे तोंड केलं. मागे टाक कागदावर कुरकुरला. वळून पाहिलं तर 'चार्ज मिळाला' असं जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि शाई ओली होती.

"भाऊ, तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

"पोरीचा तो फोटो मी रोज बघतो, तुझ्या उशाचा," आवाज म्हणाला. "जा. पोरीला बघून ये. माझी राहिली."

ट्रक निघाला तेव्हा हजेरी चालू होती. घड्याळराव मागे पाहत नव्हता, पण कान बंद करता येत नाहीत. "पाच!" "सहा!" आणि मग तोच शांत, स्वच्छ आवाज, "सात!"

घरी मुलीने त्याला पाहून भोकाड पसरलं. चौथ्या दिवशी तिने त्याचं बोट धरलं, आणि मग सोडेचना. पहाटे पाचला उठून तो सवयीने तिच्या दुपट्याची कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालू लागला, तेव्हा बायको ओरडली, "अहो, ती अजून झोपलीये त्यात!" तीस दिवस कसे गेले ते कळलं नाही. सारखे नसलेले दिवससुद्धा भराभर सरतात, हे त्याला पहिल्यांदाच समजलं. निघताना तो रडला आणि त्याने ते लपवलं नाही.

चौकीवर परतल्यावर आचाऱ्याने त्याला बघून तोंड वाकडं केलं.

"आलास होय? तुझ्यापेक्षा तो बरा होता रे. पांघरुणाची घडी बघ, सुरीने कापल्यासारखी. बादल्या वेळेवर. चहाला नावं ठेवणं नाही. फक्त माणूस दिसत नाही, एवढंच."

घड्याळराव सरळ भांडारात गेला. आता यादी फळ्यांआडून वाचली जात होती आणि 'बरोबर' म्हणायचं काम त्याचं होतं. बादल्या पाच निघाल्या; कुणीतरी बूड बसवलं होतं. त्याने 'चार्ज मिळाला' लिहिलं आणि खाली सही केली.

फळ्यांआडून आवाज आला, आणि तो थरथरत होता.

"मला अशी सही कुणी दिलीच नाही. बदली येणार, येणार म्हणाले. किती वर्षं झाली ते विचारू नकोस. चार्ज टाकून कसा जाणार?"

घड्याळरावाचे डोळे भरून आले. आपण अकरा महिन्यांत रडकुंडीला आलो होतो, हे आठवून त्याला लाज वाटली. त्याने रजेच्या कागदांच्या गठ्ठ्यातला एक फाडला, नावाची जागा मोकळी ठेवली, बाकी सगळं रीतसर भरलं. सुभेदारांनी एक शब्द न विचारता शिक्का मारला. कागद फळीवर ठेवला तो सकाळी तिथे नव्हता.

त्या दिवशी हजेरी एकोणीसवर थांबली. कुणाला आनंद झाला नाही.

"उजवा कान अगदी ओका ओका वाटतोय," आचारी म्हणाला. "गेला बिचारा. किती दिवसांची दिलीस?"

"तीस."

"तीस? अरे शहाण्या, त्याला कायमची नाही का द्यायची!"

"कायमच्या रजेचा फॉर्म आपल्याकडे नसतो," घड्याळराव म्हणाला. बोलता बोलता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि चेहरा उतरला.

एकतिसाव्या सकाळी सगळे पाच मिनिटं आधीच रांगेत आले. आचाऱ्याने आपल्या उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी सोडली होती. आकडे नेहमीपेक्षा सावकाश पडले. "एकोणीस," आचारी म्हणाला, आणि पुढे शांतता.

सुभेदारांनी 'विश्राम' म्हटलं नाही. ते खोकले, बुटांकडे पाहू लागले. घड्याळरावाने मनगटाकडे नजर टाकली. साडेसहाला एक मिनिट बाकी होतं.

तेवढ्यात टेकडीच्या उतारावर खडी वाजली. कुणीतरी धावत वर येत होतं. पावलं आचाऱ्याच्या शेजारी येऊन थांबली, धापा टाकल्याचा आवाज आला आणि मग, "वीस!"

"उशीर," सुभेदार म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

"अर्धं मिनिट आधी आहे, साहेब," घड्याळराव म्हणाला.

सुभेदारांनी धुक्याकडे न पाहताच विचारलं, "घरी सगळे बरे?"

रांगेच्या टोकाकडून उत्तर आलं.

"पोरगी माझ्यापेक्षा म्हातारी झालीये, साहेब. पण तिने ओळखलं."

त्या दिवशी 'विश्राम' म्हणायला सुभेदारांना बराच वेळ लागला.